धुळाप्पा आणि टाकीचं कुलूप

धुळाप्पाचा जन्म मेंढरांमागेच सरला असता. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावर त्याच्या बापाची शंभरावर मेंढरं होती आणि पाय फुटले तेव्हापासून पोर त्यांच्या मागं होतं. पण एका उन्हाळ्यात रोगाची साथ आली. पंधरा दिवसांत जाळीच्या वाघरीतली निम्मी मेंढरं आडवी झाली, उरलेली चाऱ्यावाचून विकावी लागली. चाळिशीला टेकलेला धुळाप्पा बायकोला, केराबाईला, घेऊन सोलापुरात आला. बरोबर एक घोंगडं आणि एक काठी. आधी गिरणीत लागला, पण तिथल्या खडखडाटानं त्याचं डोकं उठायचं. चौथ्या दिवशी तो गेलाच नाही.

मंगळवार पेठेत चनबसप्पा म्हणून सुताचे व्यापारी होते. त्यांच्या वडिलांनी एके काळी धुळाप्पाच्या बापाकडून घोंगडी घेतली होती, तेवढी ओळख. चनबसप्पांनी त्याला वरखाली पाहिलं आणि विचारलं, "मेंढरं राखत होतास नव्हं?"

"व्हय मालक."

"मग आता मोटारी राख."

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या थोडी अलीकडची. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या नव्हत्या. वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या, एका डॉक्टरांची, अशा आठ-दहा गाड्या रोज कोर्टाबाहेरच्या मैदानात कडुलिंबांच्या सावलीला लागायच्या. मालक आत तारखेत अडकलेले, ड्रायव्हर चहाच्या दुकानात. तेवढ्यात कुणीतरी यायचं, टाकीचं टोपण फिरवून रबरी नळीचं एक टोक आत सोडायचं आणि दुसरं तोंडात धरून एक ओढ घ्यायचं. पेट्रोल चढलं की नळी खाली डब्यात. बिडी ओढून होईपर्यंत डबा भरायचा. चोर दिवसाउजेडी यायचे आणि चारचौघांसारखे चालत जायचे. ड्रायव्हरांवर आळ यायचा, ड्रायव्हर शपथा घ्यायचे, मालक चिडायचे. शेवटी चौघा-पाच जणांनी मिळून राखणदार ठेवला, तो हा धुळाप्पा.

त्याला मोटारीतलं काही कळत नव्हतं. राखणीतलं मात्र सगळं कळत होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं ड्रायव्हरांना सांगून सगळ्या गाड्यांची बुडं कंपौंडाच्या भिंतीकडं करवली, म्हणजे टाकीकडं जाणाऱ्याला त्याच्या समोरूनच जावं लागे. टोपणांवर तो चिमूटभर राख भुरभुरून ठेवी. कुणी बोट लावलं तर उमटे. वेताच्या एका काडीला त्यानं खाचा पाडल्या होत्या. गाडी लागली की काडी टाकीत बुडवायची, निघताना पुन्हा बुडवायची, आणि ओल कुठल्या खाचेपर्यंत आली ते मालकाला दाखवायचं. ती काडी तो डोक्याच्या पटक्यात खोचून हिंडे.

आणि त्याचं नाक. नळी तोंडानं ओढणाऱ्याच्या तोंडाला दोन तास पेट्रोलचा वास राहतो, हे त्यानं आपल्या आपण शोधून काढलं. मैदानात रेंगाळणारा माणूस दिसला की धुळाप्पा त्याच्यापुढं जाऊन उभा राही आणि शांतपणे म्हणे, "तोंड उघड."

असाच त्यानं तिसऱ्या वर्षी निंगप्पाला धरला होता. निंगप्पा अक्कलकोटला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर. उंच, हसतमुख, आणि हाताचा चपळ. तोंड उघडायची वेळ आली तेव्हा त्याचं हसू मावळलं. धुळाप्पानं पोलिसात दिलं नाही. सगळ्या ड्रायव्हरांसमोर नाक घासायला लावलं आणि काठीचा एक रट्टा पाठीत देऊन सोडून दिलं. त्या दिवसापासून मैदानातून थेंब गेला नाही.

सहा वर्षं अशी गेली. वकील लोक पक्षकारांना सांगायचे, "गाडी खुशाल सोडा, धुळाप्पा आहे." चनबसप्पांची आई काशम्मा दर सोमवारी ड्रायव्हरच्या हाती त्याच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवायची. सणाला तो त्यांच्या घरी गेला की म्हातारी ओसरीवर येऊन विचारायची, "काय धुळाप्पा, तुझी मेंढरं बरी हायत का?" आणि तो म्हणायचा, "बरी हायत की आई, एक बी हुकलं न्हाई." एवढंच बोलणं. पण घरी येऊन तो ते केराबाईला शब्दाशब्दानं सांगायचा.

मग गुरुलिंग आला.

गुरुलिंग गिरणीत फिटर होता, तिथून सुटून त्यानं बाळीवेशीजवळ एक लहानसं दुकान टाकलं. गळक्या भांड्यांना डाग द्यायचा, कुलपं दुरुस्त करायचा, स्टोव्ह, कंदील, जे येईल ते. वय पंचवीसच्या आतबाहेर, खाकी अर्धी चड्डी, कपाळावर विभूती आणि तिच्यावरच वंगणाचा हात पुसलेला. चनबसप्पांच्या जातीतला, लांबच्या नात्यातलाही. त्यानं एक टोपण बनवलं. वरून पितळी, आत कुलूप, किल्ली फिरवल्याशिवाय निघायचं नाही. शिवाय टाकीच्या गळ्यात त्यानं तारेची जाळी बसवून डाग दिला. टोपण उपटलं तरी जाळीच्या भोकातून काडी जाईल, पण नळी आत जायची नाही. चनबसप्पांनी ते आपल्या गाडीला बसवून घेतलं आणि मैदानात सगळ्यांना बोलावून दाखवलं.

वकिलांनी नळी घालून पाहिली, जाईना. डॉक्टरांनी टोपण पिरगळून पाहिलं. सगळे हसले, सगळ्यांनी गुरुलिंगाच्या पाठीवर थाप मारली. धुळाप्पा मागं काठीवर हनुवटी टेकून उभा होता. चनबसप्पांचं त्याच्याकडं लक्ष गेलं तेव्हा ते गमतीनं म्हणाले, "धुळाप्पा, आता तू झोप काढ. कुलूप जागं राहील."

ते गमतीनंच म्हणाले होते. पण धुळाप्पाच्या काळजात ते कुसळासारखं शिरलं.

त्याहून वाईट झालं ते पुढच्याच घटकेला. चनबसप्पा म्हणाले, "चल गुरुलिंग, देवळापर्यंत एक चक्कर मारू," आणि त्याला पुढच्या सीटवर शेजारी बसवून घेऊन गेले. गाडी सिद्धेश्वराच्या तळ्याकडं वळेपर्यंत धुळाप्पा बघत राहिला. सहा वर्षं त्यानं ती गाडी राखली होती. तिच्या चाकांची झीज त्याला पाठ होती, कुठल्या दाराची कडी कुरकुरते ते माहीत होतं. पण एकदाही, कुठल्याही गाडीत, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. बसावं असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आणि वाटलं ते जाईना.

महिन्याभरात मैदानातल्या सगळ्या गाड्यांना गुरुलिंगाची कुलपं लागली. धुळाप्पाला कुणी काढलं नाही, त्याचं वेतन चालूच होतं. पण किल्ल्या मालकांच्या खिशात गेल्यामुळं त्याला टाकीत काडी बुडवता येईना. टोपणांवर राख टाकायचंही कारण उरलं नाही. संध्याकाळी मालक गाडीत बसून निघून जात. पूर्वी काडीवरची ओल बघायला थांबत, दोन शब्द बोलत, ते बंद झालं. पहिले काही दिवस तो सवयीनं काडी हातात घेऊन गाडीपाशी उभा राहायचा. मग ड्रायव्हर हसायला लागले, तेव्हा त्यानं काडी घरी आढ्याला खोचून ठेवली.

घरीही गुरुलिंग सुटला नाही. केराबाईची बादली गळत होती. एक दिवस धुळाप्पा आला तर बादली दुरुस्त होऊन कोपऱ्यात.

"कुणी केली?"

"त्या बाळीवेशीतल्या गुरुलिंगानं. तुमचं नाव सांगितलं तर पैसं बी घेईना झाला. म्हनला, धुळाप्पामामांच्या घरचं काय घ्यायचं. लई गुणी पोरगं हाय हो."

धुळाप्पा त्या बादलीतलं पाणी प्यायला नाही. तहान लागली की शेजाऱ्याच्या रांजणावर जायचा. केराबाईला चार दिवसांनी ते कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बादलीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"गोड लागत न्हाई त्यातलं."

"पानी एकाच नळाचं हाय की."

त्यानं कूस बदलली. त्याचं त्यालाही कळत होतं की हे बरं नव्हे. पोरगं नम्र होतं. मैदानात आलं की आधी धुळाप्पाकडं येऊन नमस्कार करायचं, "मामा, कसं हाय?" विचारायचं. तो नमस्कारच त्याला सोसवत नव्हता. उद्धट असता तर भांडता आलं असतं. धुळाप्पा दिवसभर झाडाखाली बसून एकच गोष्ट घोळवायचा, की हे कुलूप फसावं. एकदा तरी, सगळ्यांच्या देखत फसावं.

चैत्र संपत आला होता. दुपारी मैदानात चिटपाखरू नसायचं. अशाच एका दुपारी धुळाप्पाला चनबसप्पांच्या गाडीखाली दोन पाय दिसले. गाडी रांगेच्या टोकाला, भिंतीला लागून होती. ड्रायव्हर त्या दिवशी नव्हता. चनबसप्पा अलीकडं स्वतःच गाडी हाकत. पाय बाहेर, बाकी माणूस गाडीखाली. कुणी पाहिलं तर वाटावं, दुरुस्ती चाललीय. पण धुळाप्पानं ते पाय ओळखले. उजव्या पायाचा अंगठा वाकडा. निंगप्पा.

टाकीच्या बुडाला एक बूच असतं, गाळ काढायला. पान्यानं ते ढिलं केलं की पेट्रोल खालून गळतं. वरचं टोपण, त्यातलं कुलूप, गळ्यातली जाळी, सगळं आपल्या जागी शाबूत राहतं. धुळाप्पाला हे बूच माहीत होतं. ड्रायव्हर वर्षातून एकदा ते उघडून टाकी धूत, तेव्हा त्यानं पाहिलं होतं. कुलूप बसवायच्या दिवशीच त्याच्या मनात आलं होतं की खालचं काय. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

तो काठी घेऊन उठला. दोन पावलं टाकली. आणि थांबला.

'कुलूप हाय की,' त्याच्या मनानं म्हटलं. 'कुलूप जागं हाय. तू झोप काढ.'

तो परत येऊन घोंगड्यावर बसला. पेट्रोलचा वास वाऱ्यावर येत होता, डब्यात पडणाऱ्या धारेचा बारीक आवाजही. बऱ्याच वेळानं निंगप्पा गाडीखालून सरपटत बाहेर आला, डब्यावर गोणपाट टाकलं, आणि मान वर केली तर समोर धुळाप्पा. दोघांची नजर भेटली. निंगप्पाच्या हातातून डबा निसटायला आला होता. धुळाप्पानं सावकाश मान वळवली आणि कोर्टाच्या कौलांवर बसलेल्या कावळ्यांकडं बघू लागला. पुन्हा पाहिलं तेव्हा मैदान मोकळं होतं.

निंगप्पा हुशार होता. त्यानं टाकी पुरती रिकामी केली नव्हती. गाडी नेहमीसारखी सुरू झाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी चनबसप्पा आईला घेऊन अक्कलकोटला निघाले. त्यांच्या लेकीच्या सासरी नातवाचं बारसं होतं. गाडीतला पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला, काडी बुडवायची सवय कुलपानं मोडलेली. टाकी दोन दिवसांपूर्वीच भरली होती, त्यामुळं शंका यायचं कारण नव्हतं. वळसंगच्या अलीकडं गाडी दोन आचके देऊन उभी राहिली. ऊन डोक्यावर, रस्त्याला झाड नाही. काशम्मा सत्तरीच्या पुढची. दीड-दोन तासांनी एक बैलगाडी मिळाली तोवर म्हातारीला घेरी आली होती. बारसं राहिलं बाजूला. तिला बैलगाडीत घालून वळसंगला नेलं, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मोटारीतून सोलापूरला परत आणलं.

मैदानात ही बातमी तिसऱ्या दिवशी आली, पण आली ती वेगळ्याच तोंडानं. कुलूप शाबूत, जाळी शाबूत, आणि पेट्रोल गायब. मग किल्लीनंच टोपण काढून, जाळीचा डाग सोडवून पुन्हा दिला असणार. एक किल्ली चनबसप्पांच्या खिशात. दुसरी कुणाकडं? प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली गुरुलिंग आपल्या दुकानात ठेवत होता, हरवली तर अडायला नको म्हणून.

चनबसप्पांनी त्याला मैदानातच बोलावलं. गुरुलिंग धावत आला, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"अण्णा, मी हात लावला नाही. लिंगाची शपथ."

"मग टाकी प्यायली का रे?" चनबसप्पा कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. "माझी आई अजून अंथरुणावर हाय. किल्ल्या सगळ्या हितं ठेव आणि जा. पोलिसात देत नाही ते तुझ्या आईकडं बघून."

गुरुलिंगानं किल्ल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या. आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांची तोंडं दुसरीकडं. शेवटी त्याची नजर धुळाप्पावर आली. "मामा, तुमी हितंच असता की. तुमी काय बघितलं?"

"मी न्हाई बघितलं," धुळाप्पा म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याला भूक लागली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आढ्याची काडी काढून पटक्यात खोचली. दुसऱ्या दिवशी एका वकिलांनी किल्ली त्याच्या हातात देऊन म्हटलं, "धुळाप्पा, तूच बघ बाबा रे, ह्या यंत्रांवर काय भरवसा." त्यानं काडी बुडवली, ओल दाखवली, वकिलांनी मान डोलावली. किती महिन्यांनी. गुळाचा खडा तोंडात धरावा तसे ते दोन दिवस गेले. बाळीवेशीतलं दुकान बंद असल्याचं केराबाईनं सांगितलं, तेव्हाही त्याला आतून बरंच वाटलं. ती म्हणाली, "त्याच्या दुकानापुढं कुनी तरी शेन टाकलं म्हनं." त्यावर तो नुसतं "हां" म्हणाला.

सोमवारी भाकरी आली नाही. त्यानं चनबसप्पांच्या दिवाणजीला विचारलं, "आई कशी हायत?"

"उठवत नाही अजून. खाणं सुटलंय. रात्रंदिवस पाणी पाणी करतात."

धुळाप्पा झाडाखाली येऊन बसला. त्या दिवशी त्यानं काडी कुठल्याच टाकीत बुडवली नाही.

त्याच दुपारी निंगप्पा आला. चोरासारखा नव्हे, सरळ मैदानातून, ओळखीच्या माणसाकडं यावं तसा. येऊन घोंगड्याच्या कडेला बसला, कानावरची बिडी काढून धुळाप्पापुढं धरली.

"घे मामा."

धुळाप्पानं बिडीकडं पाहिलं.

"घे की. आता आपल्यात काय आडपडदा?" निंगप्पा हसून म्हणाला. "मला त्या दिवशी वाटलं, आता मेलो. पन तू मानूस निघालास. त्या पोराची बी जिरली, तुझं बी काम झालं, माझं बी झालं. आज डाक्तरची गाडी हाय नव्हं ती? तू जरा पानी प्यायला जा. एक बाटली तुझ्या घरी धाडतो, केराबाईला दिव्याला व्हईल."

धुळाप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. तीन वर्षांपूर्वी ह्याच माणसाला त्यानं नाक घासायला लावलं होतं. तेव्हा तो मान वर करून बघत नव्हता. आज शेजारी बसला होता. एका घोंगड्यावर.

त्यानं बिडी घेतली नाही. निंगप्पाचं मनगट धरलं.

"काय रं मामा?"

"ऊठ. मालकाकडं चल."

निंगप्पाला आधी गंमत वाटली, मग हात सुटेना तेव्हा त्यानं झटापट केली. पण मेंढरू पायाला धरून पाडणाऱ्याची ती पकड. भर दुपारी कोर्टापासून मंगळवार पेठेपर्यंत धुळाप्पानं त्याला तसाच नेला. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. निंगप्पा सगळी वाट एकच गोष्ट दबक्या आवाजात सांगत होता, "मी बोलीन बघ. मी सांगीन सगळं. तू बी बुडशील."

चनबसप्पा पेढीवर बसले होते. धुळाप्पानं निंगप्पाला पायरीशी उभा केला आणि म्हणाला, "मालक, पेट्रोल ह्यानं काढलं. खालच्या बुचातनं. कुलपाचा काय बी दोष न्हाई, त्या पोराचा बी न्हाई. तुमी गाडीखाली बघा, बुचाला पान्याच्या ताज्या खुणा असतील."

चनबसप्पांनी दिवाणजीला गाडीखाली पाहायला धाडलं. तो हाताला तेल माखून परत आला आणि म्हणाला, खुणा आहेत. तोवर निंगप्पाला कंठ फुटला.

"ह्यानं बघितलं होतं," तो म्हणाला. "मी गाडीखाली व्हतो तवा हा समोर बसला व्हता. विचारा त्याला. बघून मान फिरवली त्यानं."

पेढीवरची माणसं हसली. एक म्हणाला, "चोर आता राखणदारावर आळ घेतोय." चनबसप्पाही त्या बोलण्याकडं दुर्लक्ष करून निंगप्पावर डोळे वटारायच्या बेतात होते. धुळाप्पा गप्प राहिला असता तरी भागलं असतं.

"व्हय," तो म्हणाला. "बघितलं व्हतं मी."

"बघितलं होतंस," चनबसप्पा सावकाश म्हणाले. "आणि त्या दिवशी त्या पोरानं विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

चनबसप्पांनी त्याला पुढं काही विचारलं नाही. माणूस पाठवून गुरुलिंगाला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा दाढी वाढलेली, विभूती नाही. चनबसप्पांनी उठून त्याच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी चूक झाली." मग धुळाप्पाकडं बोट केलं. "ह्याला विचार."

गुरुलिंगाला सगळं समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो रागावला नाही, नुसता गोंधळला. "का पण मामा?" त्यानं विचारलं. "मी तुमचं काय केलं होतं?"

"काय न्हाई केलंस."

"मग?"

धुळाप्पानं पायरीवरची धूळ अंगठ्यानं सारली. "तुझं कुलूप बघवंना मला," तो म्हणाला. "तुला गाडीत बसवलेलं बघवंना. एवढंच."

गुरुलिंग किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून निघून गेला.

निंगप्पाला पोलिसांनी नेलं, सर्व्हिस मोटारीवरनंही त्याचं काम गेलं. धुळाप्पाला चनबसप्पांनी त्याच दिवशी राखणीवरून काढलं. इतर मालकांनीही तेच केलं. घरी येऊन त्यानं केराबाईला आडवळण न घेता सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "मला बादलीच्या वक्तालाच कळाय पायजे व्हतं."

ते वर्ष त्यांनी कसंबसं काढलं. धुळाप्पा मार्केटात पोती वाहायचा, केराबाई विड्या वळायची. काशम्मा हळूहळू बरी झाली, पण तिच्यासमोर जायचं त्याला धाडस झालं नाही. तिनंच एकदा निरोप धाडला. तो ओसरीच्या खाली उभा राहिला. म्हातारी वाळून अर्धी झाली होती.

"तुझ्यापायी मी उन्हात वाळले रे," ती म्हणाली. "खरं का खोटं?"

"खरं हाय, आई."

"माझं लेकरू कुलपाला भुललं आणि तुला विसरलं. ते बी खरं. पण विसरलं म्हणून राखण सोडायची असती का?"

तिनं त्याला ताक दिलं आणि जा म्हणाली.

गुरुलिंगानं टाकीच्या बुचावर बसणारी एक लोखंडी पट्टी बनवली. दोन्ही बाजूंनी आवळलेली, तिलाही कुलूप. त्याचं दुकान पुन्हा चाललं, पूर्वीपेक्षा जास्त. पण वर्षभरात एका वकिलांच्या गाडीची पट्टी कुणीतरी करवतीनं कापली. दुपारभर करवत चालली असणार आणि मैदानात बघणारं कुणी नव्हतं. त्यानंतर वकिलांनी धुळाप्पाला निरोप पाठवला. चनबसप्पांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नंतर कळलं, गुरुलिंगानंच वकिलांना सांगितलं होतं की कुलपापाशी माणूस बसवा, आणि तोच बसवा, कारण खालून-वरून सगळ्या वाटा त्याला ठाऊक आहेत.

धुळाप्पा परत झाडाखाली बसू लागला. गुरुलिंग त्याच्याशी बोलत नव्हता. कामाला आला की काम करून जायचा. नमस्कार करत नव्हता. पूर्वी जो नमस्कार सोसवत नव्हता, त्याची धुळाप्पा आता वाट बघायचा. दोन वर्षांनी एकदा कुलूप अडकलं तेव्हा गुरुलिंगानं मान न वळवता "मामा, तो पाना द्या" म्हटलं. धुळाप्पानं पाना दिला. तिथून पुढं कामापुरतं बोलणं सुरू झालं, त्याच्या पलीकडं फारसं गेलं नाही.

पुढं गुरुलिंगानं एक जुनी गाडी घेतली, स्वतः उघडून-जोडून चालती केली. ती पहिल्यांदा मैदानात लागली त्या दिवशी धुळाप्पा घरी जरा उशिरा आला. जेवताना म्हणाला, "त्या पोरानं मोटार घेतली."

"बरं झालं की," केराबाई म्हणाली.

"बरंच झालं." त्यानं घास गिळला. "पन पोटात दुखलं बघ. अजून दुखतंय."

केराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "दुखू द्या. त्याची टाकी बघितली का?"

"बघितली. वरचं टोपन बघितलं, खाली वाकून पट्टी बी बघितली. दोनदा."

"मग जेवा," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.